मीठ आणि गाळ: मुंबईच्या किनाऱ्यासाठी स्पिनिंग रील निवडताना

माझ्या काकाकडे रील, म्हणजे रॉडला (गळाच्या काठीला) लावून हँडलने लाइन गुंडाळायचं यंत्र, नव्हतंच. माहीमच्या खडपांवर बसून तो तंगुसावर मासे धरायचा. लाकडाच्या चपट्या तुकड्याला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, टोकाला शिसं आणि गळ, आमिषाला बांगड्याचा तुकडा. मासा ओढायला लागला की बोटांमधून तंगूस सोडायचा, मासा थांबला की गुंडाळायचा. दोन्ही तर्जन्यांवर त्याचे वण होते. चांगलं रील कोणतं हे मी अजूनही त्या बोटांवरूनच मोजतो. ताण आला की न अडखळता सोडणारं आणि सैल पडलं की गुंडाळणारं. डब्यावर छापलेलं बाकीचं सगळं त्यानंतर वाचायचं.

मी मात्र पहिलं रील डब्यावरचं वाचूनच घेतलं. सोनेरी स्पूल (लाइन गुंडाळली जाते ती चकरी), '१३+१ बेअरिंग', वर ठळक अक्षरांत 'सॉल्टवॉटर'. दुसऱ्या महिन्यात गोराईला बऱ्यापैकी रावस लागला आणि हँडल उलटं फिरलं. हँडलचा नॉब बोटांच्या गाठींवर असा बसला की रॉड हातातून सुटता सुटता राहिला. घरी येऊन रील उघडलं, तर गंज होताच, पण त्याहून जास्त होता तो करडा, दळलेल्या मसाल्यासारखा बारीक चिखल. मुंबईत रील मिठाने मरतं असं सगळे सांगतात. अर्धी रीलं मिठाआधी गाळाने जातात.

त्याला कारण आहे. उधाणाच्या दिवसांत इथलं पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. एवढं पाणी दिवसातून दोनदा खाडीत शिरतं आणि बाहेर पडतं तेव्हा तळ ढवळून निघतो. तो गाळ लाइनला चिकटून थेट लाइन रोलरवर, म्हणजे लाइन स्पूलकडे वळवणाऱ्या छोट्या चाकावर, येतो आणि तिथून पुढे जातो. परदेशातल्या निळ्याशार पाण्यावर घेतलेल्या रीलच्या चाचण्या बघताना हे डोक्यात असू द्या.

आधी कुठे उभे राहणार ते ठरवा

दुकानदार पहिला प्रश्न 'बजेट किती' असा विचारतो. तुम्ही स्वतःला 'जागा कोणती' असं विचारा.

वांद्रे, वरळी किंवा वर्सोव्याच्या खडपांवरून आमिष तळाशी टाकून बसणार असाल तर शिंगाळा, गोबरा, कधी तांबोशी, नशीब वाकडं असेल तर पाकट. इथे लाइन दगडावर घासते, मासा लागल्याक्षणी त्याला कपारीतून ओढून बाहेर काढावं लागतं. म्हणजे ताकद हवी, वेग नको. मनोरीच्या किंवा ठाण्याच्या खाडीत तिवरांच्या कडेने ल्यूर (नकली आमिष) फेकून जिताडा शोधणार असाल तर दिवसभरात दोन-तीनशे कास्ट होतात. तिथे वजन महत्त्वाचं, कारण तासाभरानंतर मनगट बोलायला लागतं. गोराई, उत्तन किंवा पलीकडे अलिबाग-नागावच्या वाळूवरून रावसासाठी लांब फेकायचं असेल तर मोठं स्पूल आणि भरपूर लाइन लागते. बोटीतून सुरमईसाठी जिगिंग, म्हणजे जड ल्यूर खोल सोडून झटके देत ओढणं, हा वेगळाच कारभार आहे. त्याला वेगळं रील लागतं आणि वेगळा खिसाही.

एकाच रीलवर हे सगळं करायचंय? किनारा आणि खाडी एका रीलवर भागते. बोट नाही. पहिलं रील घेताना बोटीचा विचार सोडूनच द्या.

नंबरांचा घोळ

रीलच्या आकाराला २५००, ३०००, ४०००, ५००० असे नंबर असतात. हे कोणत्याही मापाचे आकडे नाहीत आणि सगळ्या कंपन्यांत सारखेही नाहीत. डायवाने २०१८ मध्ये एलटी मालिका आणली तेव्हा तिचे नंबर शिमानोच्या जवळ आले. त्याआधीच्या घडणीचं डायवा बीजी ३००० मात्र हातात घेतलं तर शिमानोच्या ४०००च्या पंगतीत बसतं. म्हणून ऑनलाइन मागवताना नंबराखाली दिलेलं वजन आणि लाइनची क्षमता वाचा.

मुंबईच्या किनाऱ्यासाठी मी डोळे मिटून ४००० सांगतो, किंवा त्या मापाचं जे असेल ते. वजन २८० ते ४०० ग्रॅमच्या आत आणि स्पूलवर पीई २ जाडीची ब्रेड (विणलेली) लाइन किमान २०० मीटर मावली पाहिजे. पीई २ म्हणजे साधारण ०.२३५ मिलिमीटर व्यास. एवढ्या बारीक लाइनची ताकद कंपनीनुसार १० ते १३ किलोच्या आसपास असते. फक्त खाडीत हलक्या ल्यूरवर खेळणाऱ्याने ३००० घ्यावं. वाळूवरून लांब फेकणाऱ्याने किंवा पाकटाची हौस असणाऱ्याने ५००० ते ६०००. पाकट तळाला चिकटून बसलं की चादर ओढल्यासारखं वाटतं, छोट्या रीलचे गिअर तिथे कण्हायला लागतात.

ड्रॅग: पैसे इथे घालवा

काकाच्या बोटांचं काम रीलमध्ये ड्रॅग करतो. स्पूलच्या आत चकत्या एकमेकींवर दाबलेल्या असतात. वरचा नॉब पिळला की दाब वाढतो आणि लाइन सोडायला जास्त जोर लागतो. डब्यावर 'कमाल ड्रॅग १५ किलो' असं छापतात आणि आपण १५चं रील १० वाल्यापेक्षा चांगलं समजतो. हा हिशेब एकदा करून बघा. ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर लावायचा असतो. १२ किलोची लाइन असेल तर ३ ते ४ किलो. त्या १५ किलोंचा तुम्हाला उपयोग नाही. तेवढा ताण आला तर आधी लाइन तुटेल.

महत्त्वाचं आहे ते ३-४ किलोंवर ड्रॅग कसा सुटतो. वाईट ड्रॅग आधी अडतो आणि मग एकदम सुटतो. त्या पहिल्या अडण्यातच लाइन तुटते किंवा गळ तोंडातून फाटून निघतो. हे तपासायला बॅगा मोजायचा हुकवाला वजनकाटा पुरतो, तीनशे-चारशे रुपयांत येतो. लाइन रॉडच्या सगळ्या कड्यांतून ओवून काट्याला बांधा, रॉड ४५ अंशात धरा आणि मित्राला काटा घेऊन हळूहळू मागे चालायला सांगा. सुटायला लागताना आकडा ४ दाखवून लगेच ३ वर येत असेल तर तो ड्रॅग अडखळतो. चांगल्या रीलमध्ये हा फरक जेमतेम जाणवतो.

चकत्या फेल्टच्या असतात किंवा कार्बन फायबरच्या. वंगण लावलेली फेल्ट छोट्या माशांना अगदी मऊ चालते, पण पाणी शिरलं की तिचा स्वभाव बदलतो. खाऱ्या पाण्यासाठी कार्बनच घ्या. मासा लांब पळाला की चकत्या तापतात आणि कार्बनला त्या उष्णतेचं फारसं काही वाटत नाही. पेन कंपनी आपल्या कार्बन चकत्यांना 'एचटी-१००' म्हणते आणि त्या तिच्या मधल्या किमतीच्या रीलमध्येही मिळतात. ड्रॅगचा नॉब पुढे, स्पूलवर असलेलंच रील घ्या. मागे नॉब असलेल्या रीलमध्ये चकत्या लहान असतात.

अजून एक गोष्ट, जी मला मासा घालवल्यावर कळली. लाइन बाहेर जाते तसा स्पूलवरच्या गुंडाळीचा व्यास कमी होतो आणि नॉब न हलवता ड्रॅग घट्ट होत जातो. व्यास निम्मा झाला तर ड्रॅग दुप्पट. म्हणजे मासा शंभरेक मीटर लाइन घेऊन गेला असताना नॉब पिळायचा नसतो, झालाच तर थोडा सैल करायचा. आपला हात नेमका उलट जातो.

आमिष टाकून गप्पा मारत बसणाऱ्यांसाठी मागे वेगळा लिव्हर असलेली रीलं येतात. शिमानोचं बेटरनर, पेनचं लाइव्ह लायनर. लिव्हर टाकला की स्पूल जवळजवळ मोकळं फिरतं, हँडल फिरवलं की खरा ड्रॅग लागतो. वरळीच्या कठड्याला टेकवून ठेवलेला एक रॉड शिंगाळ्याने आमच्या डोळ्यांदेखत समुद्रात नेला होता. मालक कटिंग चहा घ्यायला गेला होता.

'वॉटरप्रूफ' म्हणजे नक्की काय

आता सील, म्हणजे पाणी आत शिरू न देणारी बंदिस्ती. पेन स्पिनफिशर सहावर आयपीएक्स५ असं लिहिलेलं असतं, स्लॅमर चारवर आयपीएक्स६. हे आकडे विजेच्या उपकरणांसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकातले आहेत. ५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या तोंडातून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याचा मारा सोसला. ६ म्हणजे साडेबारा मिलिमीटरच्या तोंडातून मिनिटाला १०० लिटर. रील पाण्यात बुडवून ठेवल्यावर काय होईल, हे यातला एकही आकडा सांगत नाही. शिवाय चाचणी गोड्या पाण्याने होते.

आणि मधला तो 'एक्स' बघा. आयपीनंतरची पहिली जागा धूळ आणि घन कणांसाठी असते. तिथे 'एक्स' असेल तर त्याबाबत काहीच जाहीर केलेलं नाही. म्हणजे आपल्या गाळाविरुद्ध हे रील किती टिकेल याचं उत्तर त्या आकड्यात नाहीच. सील नको असं मी म्हणत नाही. सील असलेलं रील इथे दीडपट-दुप्पट टिकताना मी पाहिलंय. पण 'आयपीएक्स६ आहे' म्हणून ते वाळूत टेकवणारेही पाहिलेत.

शिमानो कोअर प्रोटेक्ट किंवा एक्स-प्रोटेक्ट म्हणते, तिथे पाणी अडवण्याची व्यवस्था मुख्यतः क्लच (हँडल उलटं फिरू न देणारा भाग) आणि लाइन रोलरभोवती असते. डायवाच्या मॅगसील्डमध्ये लोहकण असलेलं तेल चुंबकाने जागेवर धरून ठेवतात. त्या तेलाची भिंत पाणी अडवते आणि रबर घासत नसल्याने रील हलकं फिरतं. कल्पना सुंदर आहे. अडचण अशी की तो भाग घरी उघडायचा नाही, तिथे आपलं तेल सोडायचं नाही. सोडलं तर ती भिंत मोडते. ज्याला पावसाळ्यात स्वतःच रील खोलून साफ करायची सवय आहे, त्याने मॅगसील्डपेक्षा साधं रबरी सील असलेलं घ्यावं, असं माझं मत. डायवाच्या बीजीमध्ये मॅगसील्ड नाही आणि माझ्या माहितीतली बरीच बीजी वर्षानुवर्षं इथल्या खडपांवर मार खातायत.

दुकानात सील असलेलं रील फिरवलं की थोडं जड लागतं. शेजारचं स्वस्त रील भिरभिर फिरतं. त्यावर भाळू नका, नव्या सीलचं रबर घासतंच.

पोटात काय आहे

बॉडी धातूची की ग्रॅफाइटची, यावर दोन तास वाद घालणारी माणसं मला भेटली आहेत. ग्रॅफाइट गंजत नाही, पण स्वस्त ग्रॅफाइट ताणाखाली वाकतं, गिअरचे दात एकमेकांवर तिरके बसतात आणि काही महिन्यांत खरखर सुरू होते. ॲल्युमिनियम वाकत नाही, पण रंग उडाला की तिथून पांढरी पावडर धरते. स्टीलचे स्क्रू ॲल्युमिनियममध्ये बसलेले असतात आणि खारं पाणी मध्ये आलं की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया होऊन ॲल्युमिनियम खाल्लं जातं. खडपांसाठी धातू घ्या, दिवसभर ल्यूर फेकायला चांगल्या प्रतीचं कार्बनयुक्त कंपोझिट, म्हणजे शिमानोचं सीआय४+ किंवा डायवाचं झायॉन.

मुख्य गिअर झिंकचा ओतीव असेल तर त्याला स्वस्तात घेतलेलं समजा. ॲल्युमिनियम मिश्रधातूचा, मशीनवर कापलेला किंवा थंड दाबून घडवलेला असेल तर उत्तम. पिनियन, म्हणजे त्याला जुळणारा छोटा गिअर, पितळेचा असावा. हँडल थेट गिअरमध्ये आट्यांनी बसणारं घ्या. पलीकडच्या बाजूने स्क्रू घालून आवळायचं हँडल काही महिन्यांत डुगडुगतं.

गिअर गुणोत्तर, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात रीलचे किती फेरे होतात तो आकडा, ५ ते ५.८ असेल तर सगळं जमतं. ६च्या वरचं ल्यूर वेगाने ओढायला बरं, पण गढूळ पाण्यात जिताड्याला ल्यूर दिसायला वेळ द्यावा लागतो, आणि वेगवान रीलवर हात आपोआप पळतो.

बेअरिंगची संख्या विसरा. चार-पाच चांगली असली तरी पुष्कळ. एकच विचारा: लाइन रोलरमध्ये बेअरिंग आहे का आणि ते सहज काढता येतं का. मुंबईत सगळ्यात आधी तेच जातं.

दुकानात दहा मिनिटं

शक्यतो स्वतःचा रॉड घेऊन जा. लोकलमध्ये लगेजच्या डब्यातून नेला तर कोणी काही बोलत नाही, फार तर 'काय लागतं तिकडे?' असं विचारतात. रील रॉडवर चढवा आणि ज्या जागी धरता तिथे एका बोटावर तोला. टोक फार खाली गेलं तर रील हलकं आहे, मागे कललं तर जड. दिवसभर फेकणाऱ्याला यातला फरक संध्याकाळी खांद्यात कळतो.

मग हँडल थांबवून रोटर, म्हणजे स्पूलभोवती फिरणारा भाग, उलटा ढकला. ज्या बिघाडाने माझी बोटं फोडली, तो इथेच दिसतो. उलटा फिरू नये, मध्ये रिकामी जागाही जाणवू नये, टक् करून लगेच अडला पाहिजे. हँडल आत-बाहेर हलवून बघा. बेल, म्हणजे लाइन अडवणारी तारेची कमान, वीसेक वेळा हाताने उघडा आणि मिटा, स्प्रिंगचा आवाज प्रत्येक वेळी सारखा यायला हवा. लाइन रोलरवर दोरा किंवा लाइनचा तुकडा ताणून ओढा, रोलर फिरला पाहिजे. नुसती लाइन त्यावरून घसरत असेल तर पहिल्याच मोसमात त्यावर खाच पडेल. शेवटी कानाशी धरून हळू फिरवा. वेगाने फिरवलं की सगळीच रीलं गोड गातात.

वापरलेलं रील घेत असाल तर याखेरीज लाइन रोलरचा स्क्रू आणि पायाच्या सांध्यातली पांढरी पावडर बघा. स्क्रूचे खाचे चुरलेले दिसले तर कुणीतरी घरी प्रयोग केलेले आहेत.

बिघडल्यावर कोण बघणार

हा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि माझ्या लेखी विश्वासू रीलची हीच खरी परीक्षा. बाहेरून परस्पर आणलेलं रील दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळतं, पण त्याची वॉरंटी इथे चालेलच असं नाही. घेण्याआधी दुकानदाराला सरळ विचारा: बेलची स्प्रिंग, क्लच आणि ड्रॅगच्या चकत्या आज मागितल्या तर किती दिवसांत मिळतील? तो 'अरे साहेब, काही होत नाही हो याला' असं म्हणाला की दुसरं दुकान बघा.

बेअरिंगचं तेवढं आपलं नशीब चांगलं. त्याच्यावर किंवा कंपनीच्या नकाशात माप असतं, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ७×११ किंवा ७×१४ असं काहीतरी. ते लिहून घेऊन मशीदबंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर जा. बेअरिंगवाल्यांची रांग आहे. 'स्टेनलेसचं द्या' हे दोनदा सांगा. साधं पोलादी बेअरिंग हुबेहूब तसंच दिसतं आणि गणपतीपर्यंत लाल होतं.

पैसे

ढोबळ सांगतो, किमती बदलत असतात. तीन-चार हजारांतलं नावाजलेल्या कंपनीचं साधं रील दर रविवारी धुतलं तर दोन मोसम जातं, आणि ज्याला अजून हा नाद लागेल की नाही याची खात्री नाही त्याने तेच घ्यावं. दहा ते पंधरा हजारांत मुंबईच्या किनाऱ्याला लागतं ते सगळं येतं: धातूची बॉडी, कार्बन ड्रॅग, थोडंफार सील. त्यापुढे पंचवीस-तीस हजारांपर्यंत मिळतो तो मुख्यतः गुळगुळीतपणा आणि चांगलं सील. शिमानोचं स्टेला १९९२ पासून बाजारात आहे आणि आजही लोक त्याच्याकडे दागिन्यासारखं बघतात. शेवाळलेल्या खडपावर मी ते घेऊन उभा राहणार नाही. सगळे पैसे रीलमध्ये घालून लाइन मात्र फुटपाथवरची भरणारे खूप आहेत. चार पदरी ब्रेड आणि फ्लुरोकार्बनचा लीडर (ब्रेड आणि गळ यांच्यामधला तुकडा) यासाठी दीड-दोन हजार आधीच बाजूला काढा.

घरी आणल्यावर

ब्रेड थेट धातूच्या स्पूलवर बांधली तर ताणाखाली सगळी गुंडाळी स्पूलवर गोल गोल घसरते आणि ड्रॅग बिघडला असं वाटतं. स्पूलवर रबरी पट्टी नसेल तर आधी आठ-दहा वेढे मोनो (एकपदरी नायलॉन लाइन) भरा, मग ब्रेड. ओल्या फडक्यातून ताणून भरा, स्पूलच्या काठाखाली दीड-दोन मिलिमीटर जागा सोडा. काठोकाठ भरली तर पहिल्याच जोरदार कास्टला लाइनचा गुंता हवेत जातो.

कास्ट केल्यावर बेल हँडल फिरवून मिटू नका, हाताने मिटा. लाइन पिळत नाही आणि स्प्रिंग जास्त जगते.

धुण्याबद्दल. ड्रॅग घट्ट करा, मग झारीने किंवा हलक्या धारेने वरून पाणी सोडा, लाइन रोलरवर जरा जास्त. बादलीत बुडवायचं नाही आणि नळाखाली पूर्ण जोरात धरायचं नाही, जोराचं पाणी मीठ आत ढकलतं. फडक्याने टिपा आणि ड्रॅग सैल करून सावलीत ठेवा. सैल करायचं विसरलात तर चकत्या एकमेकींना चिकटतात. लाइन रोलरवर तेलाचा एक थेंब. क्लचमध्ये ग्रीस भरू नका, घट्ट ग्रीसने त्याचे रोलर अडत नाहीत आणि हँडल पुन्हा उलटं फिरतं. गंज काढायचा स्प्रे आत मारू नका, तो आतलं ग्रीस धुऊन नेतो.

जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि आपणही निसरड्या खडपांवर जायचं टाळतो. पहिल्या पावसानंतर खाडीच्या तोंडाशी जिताड्याची वाट बघणारे तेवढे जातात. या दिवसांत रील नुसतं कपाटात पडून असलं तरी आपल्या हवेतल्या ओलीने खराब होतं. मे संपायच्या आत उघडा, गाळ पुसा, गिअरला नवं ग्रीस लावा, बाहेरच्या स्क्रूंच्या आट्यांनाही किंचित ग्रीस लावा म्हणजे पुढच्या वर्षी ते उघडतील. खोलताना प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो काढा. मग सिलिका जेलच्या दोन पुड्यांसकट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि डब्यावर तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावा.